तोंडात सुपारी धरून

आमच्या घराण्यात जमीनजुमला कधी नव्हता. होता तो राग. तो वडिलोपार्जित होता, पण त्याच्या वाटण्या कधी झाल्या नाहीत. ज्याच्या त्याच्या वाट्याला तो पुराच्या पुरा आला. आजोबा म्हणे स्वतःच्या मुंजीत भटजींवर चिडून अर्ध्यातून उठून गेले होते. वडील साताऱ्याच्या कचेरीत कारकून. दिवसभर साहेबापुढे मान खाली आणि संध्याकाळी घरी आले की ताट भिंतीवर. स्वयंपाकघराच्या त्या भिंतीला आम्ही दर दिवाळीला चुना लावायचो आणि संक्रांतीच्या आत तिच्यावर आमटीचा नवा नकाशा उमटायचा.

वडिलांना आपला राग माहीत नव्हता असं नाही. त्यावर त्यांचा इलाज होता मनोनिग्रह. पहाटे थंड पाण्याची आंघोळ, मग सूर्यनमस्कार, मग कडुनिंबाची पानं, आणि सोमवारी चहा बंद. ज्या गोष्टींनी कोणाचंच काही बिघडत नव्हतं अशा सगळ्या गोष्टींवर वडिलांनी ताबा मिळवला होता. फक्त सोमवारी चहा नसल्यामुळे सोमवारी ताट हमखास उडे. म्हणून आई सोमवारी आमटी घट्ट करायची, ओघळत तरी नाही म्हणायची.

मी सांगतो ती गोष्ट घडली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. लढाई संपली होती, रेशन संपलं नव्हतं. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मुलींच्या शाळेत शिकवायची. तेवीस वर्षांची मुलगी बिनलग्नाची घरात असली की आळीतल्या बायकांना तिची फार काळजी वाटायची, आणि ती काळजी त्या हळदीकुंकवाला आल्या की मोठ्यानं बोलून दाखवायच्या. तसं ताईचं एकदा जमलं होतं. ते मी मोडलं.

झालं असं की बैठकीला आलेल्या मुलाच्या काकांनी ताईला आधी चालायला लावलं, लंगडत नाही ना म्हणून. मग सुईत दोरा ओवायला लावला, डोळे बघायला. इथपर्यंत मी गप्प होतो. मग ते म्हणाले, "केस सोडून दाखवा. हल्ली गंगावन घालून फसवतात." काका स्वतः तुळतुळीत टकले. मी म्हणालो, "आधी तुमचं टक्कल खरं आहे का ते बघू. हल्ली वस्तरा फिरवूनही फसवतात."

मंडळी पोह्यांना हात न लावता उठली. मला त्या क्षणी फार छान वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. पुढे चार दिवस मी मित्रांना तो प्रसंग रंगवून सांगितला. ताई पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. सहाव्या दिवशी एवढंच म्हणाली, "ते वाक्य तुझं झालं. घरी बसले मी." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

दीड वर्षानं सांगलीचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. लहानपणीच वडील गेलेले, मामांनी वाढवलेला. तो बघायला आला तेव्हा त्यानं ताईला एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला शिकवायला आवडतं का?" आणि विचारून झाल्यावर उत्तर ऐकायला थांबला. आमच्याकडे प्रश्न पुष्कळ विचारले जायचे, पण उत्तरासाठी थांबणारा माणूस ताईनं तेवीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला. रात्री आईनं विचारलं तेव्हा ती "हो" म्हणाली, आणि असं म्हणाली की पुन्हा विचारायची गरज पडली नाही.

अडचण मामांची होती. मामा म्हणजे निवृत्त दिपोटी. गावोगावच्या शाळा तपासत आयुष्य गेलेलं. समोरचा माणूस दिसला की तो चुकणारच, आपण फक्त कुठे चुकतो ते शोधायचं, हा त्यांचा शिरस्ता. वडिलांनी पाठवलेल्या पत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून त्यांनी ते पत्र परत पाठवलं, आणि खाली लिहिलं, "मुलगी पसंत." वडिलांनी त्या दिवशी ताट फेकलं. मंगळवार असूनही.

लग्नाला तीन आठवडे असताना ताई माजघरात रेशनच्या तांदळातले खडे निवडत बसली होती. मला म्हणाली, "बस जरा." मी बसलो. मला वाटलं, आता ही रागावू नकोस म्हणणार, आणि मी शपथ घ्यायच्या तयारीला लागलो. शपथा घेण्यात आमचं घराणं कधी मागे नव्हतं.

ती म्हणाली, "तुला राग येणार आहे. मामा बोलणार आहेत आणि तुला येणार आहे. तो येऊ नये असं मी म्हणतच नाही, ते तुझ्याच्यानं व्हायचं नाही. तू मनातल्या मनात त्यांचे तुकडे कर. पण हातानं वाढायचं काम करायचं आणि तोंडानं 'हो' म्हणायचं. दोन दिवस." मग एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "मला हेच लग्न करायचंय रे. नुसतं लग्न करायचं असतं तर तुला सांगितलं नसतं."

खडे निवडताना तिची मान खाली होती, म्हणून बरं झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही मला राग आला.

मी लगेच वडिलांकडून निग्रह शिकायला घेतला. आठवडाभर पहाटे विहिरीवर थंड पाणी घेतलं. थंड पाण्यानं राग जात असता तर सगळं महाबळेश्वर आजवर संत झालं असतं. मला नुसतं पडसं झालं, आणि पडसं झालेला रागीट माणूस नुसत्या रागीट माणसापेक्षा वाईट, हे घरात सर्वांना कळलं. शनिवारी उपास केला. संध्याकाळपर्यंत मी दोघांशी भांडलो होतो, त्यातला एक देवळाचा पुजारी होता.

आमच्या बाहेरच्या खोलीत तेव्हा एक हवालदार भाड्यानं राहत. मूळचे आष्ट्याकडचे, लढाईतून पायाला जखम घेऊन आलेले, इलाजासाठी साताऱ्यात थांबलेले. दिवसभर ओसरीवर पाय पसरून तंबाखू मळत बसायचे. पुजाऱ्याचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलं होतं. मी त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं आणि विचारलं, "हवालदार, लढाईत तुम्ही मनावर ताबा कसा मिळवलात?"

"कसला ताबा?"

"म्हणजे भीती कशी घालवलीत?"

"कोन म्हन्लं घालवली?" त्यांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली सरकवली. "एक नदी हुती. पल्याड दुश्मन, आन् आमाला अल्याडनं पल्याड जायाचं हुतं. लय भ्या वाटत हुतं, गड्या. काठावरच मुतलो."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. वल्ल्या चड्डीनं गेलो."

ते इतकं सरळ म्हणाले की बाजारातनं भाजी आणली म्हणून सांगतायत असं वाटावं. मी म्हणालो, "म्हणजे भीती गेलीच नाही?"

"न्हाई की. ती हाय तितंच हुती. ती जायाची वाट बघत बसलो असतो, तर आजून काठावरच असतो. भ्या वाटंना का, पाय उचलायचा. पायाला कुठं भ्या कळतंय." मग जरा विचार करून म्हणाले, "दात तेवडं वाजायचं. आवाज व्हायचा. त्याला तोंडात खडा धरायचो."

एवढं मोठं तत्त्वज्ञान ऐकून माझ्या डोक्यानं त्यातलं नेमकं काय उचललं, तर खडा. पाय उचलणं अवघड दिसत होतं, खडा सोपा होता. लग्नघरात खडा कशाला, सुपाऱ्या सुपानं पडल्या होत्या. मी एक अख्खी चिकणी सुपारी उचलून गालफडात ठेवली. ती चावत नाही, विरघळत नाही, आणि ती असताना आमच्या घराण्याच्या पद्धतीनं बोलता येत नाही. रेशनच्या दुकानात सरावाला गेलो. दुकानदारानं खडेच जास्त असलेले तांदूळ घातले, मी मान हलवली. घरी आलो तेव्हा आईनं तांदूळ बघितले, मला बघितलं आणि विचारलं, "बरा आहेस ना?" मला वाटलं, जिंकलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सांगलीची मंडळी आली. आगगाडीनं स्टेशनापर्यंत आणि तिथून कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून. मोटारीचा धूर खाऊन सगळं वऱ्हाड काळंठिक्कर पडलं होतं, त्यातून मामांचा कोट पांढरा. त्यांचा पहिला शब्द "पाणी" होता आणि दुसरा "गार का आहे?" जानवसा शेजारच्यांच्या घरात दिला होता, आणि तिथली व्यवस्था माझ्याकडे होती. मी ते तिथे पाय ठेवायच्या आत सुपारी चढवली.

मामांनी संध्याकाळपर्यंत सगळी शाळा तपासली. चहात गूळ आहे. साखर रेशनवर होती आणि ती सगळी उद्याच्या जिलबीच्या पाकात जायची होती, पण हे मी सांगू शकत नव्हतो. मी मान हलवली. गादीला ढेकूण आहेत. मान हलवली. आंघोळीच्या पाण्याला धुराचा वास आहे. मान. "मुलीचे भाऊ का तुम्ही?" मान. "काय करता?" यावर मान हलवून भागेना, मी हातानं लिहिल्याची खूण केली. "कुठे?" मी खिडकीतून कचेरीच्या दिशेनं बोट दाखवलं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, माझ्या विनयानं त्यांच्यावर छाप पडली. ताईनंही सीमान्तपूजनाच्या वेळी माझ्याकडे बघून हळूच मान डोलावली. त्या रात्री मी समाधानानं झोपलो, सुपारी काढून.

सकाळी नवी सुपारी. मुहूर्ताला तासभर होता. ताई आत गौरीहरापुढे अक्षता वाहत बसली होती. नवरदेव वाजतगाजत मांडवात आला, पाटावर बसला, आणि मामा उभेच राहिले. त्यांनी वडिलांना हाक मारली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमचा मुलगा मुका आहे, हे तुम्ही आमच्यापासून लपवलंत."

मांडवातले वाजंत्रीवाले थांबले. वडिलांना आधी कळलंच नाही. मामा म्हणाले, "काल दुपारपासून बघतोय. एक शब्द नाही. खुणा करतो. अशा गोष्टी रक्तातून उतरतात. उद्या आमच्या घरात मुकी पोरं जन्माला आली तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? आधी याचा निकाल लागू द्या, मग अंतरपाट."

तेव्हा लोक असंच स्थळ बघायचे. घरात कोणी वेडा, कोणी कोडाचा, कोणी मुका, एवढं लपवलेलं निघालं की उभं लग्न मोडायचं आणि मोडणाऱ्याला कोणी नावं ठेवायचं नाही. लोक कुजबुजायला लागले. आमच्याच आळीतल्या, मला जन्मापासून शिव्या देताना ऐकलेल्या दोन बायका एकमेकींना म्हणाल्या, "खरंच की गं, कालपासून बोलला नाही."

वडिलांच्या कपाळाची शीर उभी राहिली. ती शीर मला एकवीस वर्षं माहीत होती. ती उभी राहिली की पुढे काय येतं तेही माहीत होतं. मांडवात भिंत नव्हती, एवढाच फरक. मी पुढे झालो, दोन बोटं तोंडात घातली आणि भिजून फुगलेली ती सुपारी सगळ्यांदेखत तळहातावर काढली.

"हे काय?" मामा म्हणाले.

"सुपारी. दाढ दुखत होती." खोटं बोललो. तुमच्यावर ओरडू नये म्हणून, हे खरं उत्तर त्या वेळी कामाचं नव्हतं.

मामा हार मानणारे नव्हते. "एखादा शब्द मुकाही काढतो. अडखळत असाल. सलग बोलून दाखवा." मग त्यांना जुनी सवय आठवली असावी. "पावकी म्हणा."

मांडवात हसू फुटलं. मी एकवीस वर्षांचा, कचेरीत नोकरीला, जरीकाठी उपरणं घेतलेला माणूस, आणि हा मला बिगरीच्या पोरासारखा पावाचा पाढा म्हणायला लावत होता. तोंड मोकळं होतं. सुपारी हातात होती. माझ्या जिभेवर त्यांच्या कोटाबद्दल, त्यांच्या दिपोटीगिरीबद्दल आणि त्यांच्या मातुःश्रींबद्दल अशी वाक्यं तयार होती की मी मुका नाही हे सांगलीपर्यंत सिद्ध झालं असतं. दारातून मला ताई दिसत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. गौरीहरावर अक्षता टाकणारा तिचा हात वरच्यावर थांबला होता.

राग गेला नाही. कोणी सांगेल की अशा वेळी मन शांत होतं, ते साफ खोटं आहे. माझे कान तापले होते, गुडघे हलत होते, आणि त्या मामाला मी आजही माफ केलेलं नाही. मी त्याच गुडघ्यांवर उभा राहून पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा करत निघालो. मध्ये आवाज फुटला. कोणीतरी पुन्हा हसलं. हवालदार मांडवाच्या खांबाला टेकून होते, ते तेवढे हसत नव्हते. मी पंचविसापर्यंत गेलो, म्हणजे पावकी शंभराची पुरी केली. मामा म्हणाले, "निमकी." मी अर्ध्याचा पाढाही म्हणालो. मामा म्हणाले, "औटकी." औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तो मला शाळेतही कधी आला नव्हता. मी चुकत, थांबत, पुन्हा मागे जात म्हणत राहिलो, आणि मामा चुकलेल्या ठिकाणी बोट वर करत राहिले.

आणि हे सगळं होत असताना नवरदेव पाटावर बसून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. मुंडावळ्यांमागून त्यानं एकदाही मान वर केली नाही. औटकीच्या मध्यावर माझा मामांवरचा राग निघून सगळा त्याच्यावर गेला. मामा तर काय, मामाच होते. पण ताईनं ज्याच्यासाठी मला गप्प राहायला सांगितलं होतं, तो हा. उत्तरासाठी थांबणारा. आता नुसताच थांबला होता. एका मुक्याला सोडून ही दुसऱ्या मुक्याच्या घरी चालली आहे असं मला वाटलं, आणि औटकी सोडून हे लग्न आपणच मोडावं, यावेळी खऱ्या कारणासाठी, असं फार जोरानं मनात आलं. ताईला ते पटेल का, एवढंच ठरत नव्हतं. ठरत नव्हतं म्हणून मी म्हणत राहिलो.

शेवटी भटजींनीच सोडवलं. घड्याळ बघून ते म्हणाले, "दिपोटीसाहेब, मुहूर्त टळतोय. मुलगा बोलतो हे अख्ख्या साताऱ्यानं ऐकलं." मामा बसले. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, माळा घातल्या. ताईच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही, बघायची हिंमत नव्हती.

लाजाहोमाला भटजींनी मला बोलावलं. भावानं बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या असतात, त्या घातल्या. मग भटजी हसून म्हणाले, "आता कानपिळी." बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, अशी समज द्यायला मुलीच्या भावानं नवऱ्या मुलाचा कान पिळायचा आणि त्याबद्दल मानाचं पागोटं घ्यायचं, ही आमच्याकडची पद्धत. मांडवातलं सगळ्यांचं आवडतं काम. बायका पुढे सरकल्या.

मी त्याचा उजवा कान चिमटीत धरला. सकाळपासूनची पावकी, निमकी, औटकी सगळी त्या दोन बोटांत उतरली होती. शास्त्राची परवानगी, भटजींचा आग्रह, आणि बघायला शंभर माणसं. एवढी सोय रागाला आयुष्यात पुन्हा मिळायची नव्हती. ताई शेजारी उभी होती, रिकामी ओंजळ अजून तशीच धरून. मी कान हलकाच पिळला, नावापुरता, पद्धत म्हणून.

मागून मामा मोठ्यानं म्हणाले, "पाहिलंत? कानसुद्धा पिळता येत नाही. पाठांतर कच्चं आणि मनगटही कच्चं." काही लोक हसले.

"मामा, आता पुरे."

कोण बोललं ते मांडवाला पटकन कळलं नाही. त्याचा आवाज मोठा नव्हता. तो वळून मामांकडे बघत होता, ज्यांच्या घरी वाढला होता त्यांच्याकडे, आणि पुन्हा म्हणाला, "सकाळीच म्हणायला हवं होतं. आता पुरे." मामांचं तोंड उघडं राहिलं. लोकांना तो फार शांतपणे बोलला असं वाटलं; पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे तसंच सांगत आले.

पण त्याचा कान माझ्या चिमटीत होता. तो तव्यासारखा तापला होता आणि थरथरत होता, इतका की माझी बोटं हलत होती. भटजी म्हणाले, सोडा आता. मी सोडला नाही. पिळलाही नाही. त्याचं बोलून होईपर्यंत नुसता धरून उभा राहिलो.